सोमवारची लय

डिचोलीच्या बाजारात आमचं शिंप्याचं दुकान खाली आणि घर वर होतं. त्या घरात आवाजांना तोटा नव्हता. खाली अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पायमशीन चालायचं. वर आई बोलत असायची. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे, आणि या सगळ्याच्या मागे टेकडीपलीकडच्या खाणीतला क्रशर दगड फोडत असायचा. ट्रक मधूनमधून थांबत, मशीन जेवायला थांबे, आईसुद्धा कधी कधी थांबे. क्रशर मात्र सोमवारी सकाळी भोंग्याबरोबर सुरू व्हायचा तो शनिवारी संध्याकाळीच गप्प बसायचा. त्याच्या घरघरीची आम्हांला इतकी सवय होती की ती आम्हांला ऐकूच येत नसे. रविवारी ती बंद पडली की मात्र ऐकू यायची. काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, आई मोठ्यानं बोलता बोलता एकदम दचकायची आणि आवाज खाली आणायची.

अण्णा देवळातल्या भजनात पेटी वाजवायचे. मीही पेटीच शिकावी अशी त्यांची इच्छा होती. पण त्यांच्या गिऱ्हाइकांत चर्चमध्ये गायनवृंद शिकवणारे एक म्हातारे मेस्त होते, मेस्त पेद्रू. कोटाचं माप द्यायला आले की खुर्चीवर बसून तासभर गप्पा मारायचे. एकदा मी काजं करत बसले होते. त्यांनी माझी डाव्या हाताची बोटं धरून उलटसुलट पाहिली आणि अण्णांना म्हणाले, "हीं बोटां पेटयेचीं न्हय. हीं म्हाका दी." अण्णांनी दिली. पुढची दोन वर्षं मी शाळा सुटली की मेस्तांच्या ओसरीवर व्हायोलिन शिकत होते. तारा ते स्वतः शीळ घालून लावून द्यायचे. चुकलं की गजानं माझ्या कोपरावर टिचकी मारायचे आणि बरोबर आलं की पदेराकडचा उंडो, म्हणजे गोल पाव, अर्धा मोडून द्यायचे, त्यामुळे मी घरी यायची ती पोट भरूनच. मग त्यांची नजर गेली आणि मुंबईची लेक त्यांना घेऊन गेली. जाताना व्हायोलिन माझ्याकडे ठेवून गेले. बसच्या खिडकीतून म्हणाले, "वाजवीत राव, बाय. कोणूय शिकयतलो." हे "कोणूय" म्हणजे कुणीतरी, पण तो कोण, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तो गुरू कागदी खोक्यातून आला. खाणीच्या प्रयोगशाळेत एक केमिस्ट साहेब होते, ते कायमचे परदेशी निघाले होते. प्रवासाचा सूट अण्णांनी शिवला, तो त्यांना इतका आवडला की दुसऱ्या दिवशी ते मोटारीतून एक रेकॉर्ड प्लेअर आणि आठ रेकॉर्डांचं खोकं घेऊन दुकानात आले. म्हणाले, सामानात मावत नाही आणि फेकायला मन होत नाही, तुमच्या मुलीला वाद्य येतं ना, तिला द्या. खोक्यावर काळ्या कपड्यांतली पंधरा-सोळा माणसं व्हायोलिनं घेऊन अर्धवर्तुळात उभी होती. हा एका छोट्या वाद्यवृंदाचा संच होता: पहिली रेकॉर्ड तीनशे वर्षांपूर्वीच्या संगीताची, आणि तिथून पायरी पायरीनं उतरत आठवी थेट आजच्या, जिवंत संगीतकारांची. साहेबांनी घाईघाईत वायर कुठे लावायची, सुई कशी ठेवायची तेवढं दाखवलं आणि ते गेले. ती रविवारची संध्याकाळ होती. अण्णा म्हणाले, नवी वस्तू आहे, उद्या पूजा करून लावू. त्यांच्या त्या एका वाक्यानं माझ्या आयुष्याची पाच वर्षं आपल्या वाटेनं नेली.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर प्लेअरला हळदकुंकू लावून पहिली रेकॉर्ड ठेवली. ते संगीत आजही माझ्या कानात जसं त्या दिवशी आलं तसंच आहे. खालच्या जाड सुरांची एकसारखी चाल, आणि तिच्यावर वरची व्हायोलिनं एकमेकींना वाट देत चाललेली. अण्णांचा पाय जमिनीवर हलायला लागला. "हें म्हज्या मशिनीचें," ते म्हणाले. "अस्तर घालतना पाय असोच पडटा." तेव्हापासून त्या रेकॉर्डीचं नाव 'शिलाई' पडलं. खोक्यावरची परकी नावं आमच्यात कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून सगळ्यांना आम्ही घरची नावं ठेवली. तिसरी 'वऱ्हाड', कारण तिच्यात खूप माणसं एकदम बोलायची. पाचवी 'दुपार', कारण ती ऐकताना आईला हमखास झोप यायची. आठवी, आजच्या संगीतकारांची, हिचं नाव 'खाण'. तिच्यात तारा किंचाळायच्या, घासायच्या, मध्येच सगळं थांबून एकच सूर टांगून राहायचा. आई ती चुलीवर दूध असताना लावू द्यायची नाही. मला मात्र ती पहिल्यापासून समजली. त्या आवाजात वाढलेल्या मुलीला त्यात काय कठीण?

अण्णांनी पेटी काढून 'शिलाई'चा सूर शोधला. सापडेना. पांढऱ्या पट्टीवर लावला तर रेकॉर्ड खाली, तिच्या शेजारच्या काळीवर लावला तर वर. दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी तो सूर बसला होता. पेटीवाल्याला यात काही अडचण वाटत नाही. बुवा जिथे षड्ज धरील तिथे आपण जायचं, हेच तर त्यांचं आयुष्यभराचं काम. "त्यांची पट्टी वेगळी," अण्णा कौतुकानं म्हणाले आणि मला व्हायोलिन रेकॉर्डीला जुळवायला सांगितलं. मेस्तांची शीळ आता नव्हतीच. मी चारही तारा सैल केल्या, रेकॉर्डीला मिळवल्या आणि शिकायला लागले.

पहिला रविवार आला तेव्हा घोटाळा झाला. 'शिलाई' लावली तर ती धावत सुटली. सूर वर चढलेले, चाल उड्या मारत असलेली. अण्णांचा पाय दोनदा पडला आणि मागे राहिला. आई म्हणाली, देवळाच्या कामाला उशीर झाल्यासारखी वाजवताहेत. सोमवारी लावली तर पुन्हा नीट. पुढच्या रविवारी पुन्हा उधळली. क्रशर चालू असला की गावाची वीज मंदावते, दुकानातला पंखा जड होतो, हे आम्हांला ठाऊक होतं. पण मंद म्हणजेच आमच्यासाठी नेहमीचं. अण्णांनी त्याचा हिशेब उलटा लावला. "आयतारी खाणीचें यंत्र बंद, मागीर ती सगळी वीज आमच्या घरांत धांवून येता," ते म्हणाले. "स दीस एक सांगतात आनी एक दीस दुसरें. फट कोण मारता, सांग." आता हे ऐकून हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही. सहा दिवस एक सांगतात आणि एक दिवस दुसरं, मग खोटं कोण बोलतं? सहा जणांविरुद्ध एकट्याचं कोण ऐकतो?

आणि शिंपीच ते, त्यांनी इलाजही शिंप्याचाच काढला. केमिस्ट साहेबांच्या सुटातून उरलेल्या करड्या लोकरीच्या कापडाची बोटभर लांब गादी शिवली, आत कापूस भरला, आणि तिला एक बंद लावून ती प्लेअरच्या फिरत्या थाळीच्या कडेला अलगद टेकेल अशी बसवली. थाळी घासत घासत फिरायची आणि रविवारची 'शिलाई' सोमवारच्या चालीवर यायची. कमी-जास्त दाबून ते लय बरोबर जुळवायचे, अगदी पाय मोजून. त्या गादीला आम्ही लगाम म्हणायचो. रविवारी सकाळी पातळ भाजी आणि उंडे खाऊन झाले की आई विचारायची, "लगाम घातलो मरे?" आणि मग आमचं ऐकणं सुरू व्हायचं. तीन वर्षांत मी 'शिलाई' अखंड वाजवायला शिकले. रेकॉर्ड वाजायची, मी वाजवायची, खाली दुकानात अण्णांचं मशीन त्याच चालीवर पडायचं. माझ्या लेकींना मी हे सांगते तेव्हा त्या म्हणतात, आई, तुला कुणीच कसं सांगितलं नाही? अगं, डिचोलीच्या बाजारात तेव्हा हे सांगू शकणारं एकच माणूस होतं आणि ते मुंबईला डोळे मिटून बसलं होतं.

मी बारावी झाले आणि आईनं माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. सावंतवाडीचं एक, फोंड्याचं एक. व्हायोलिन चालवून घेणारं घर मिळणार नाही, हे ती उघड म्हणायची, आणि ती खोटं बोलत नव्हती. त्याच सुमारास अण्णांनी कापड गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रात एक निवेदन वाचलं. पणजीत तरुण वादकांचा तंतुवाद्यांचा वृंद उभा राहणार होता. निवड झालेल्यांना तिथेच शिकवणार, गावोगाव कार्यक्रम करणार. अण्णांनी तो तुकडा कात्रीनं कापून आईसमोर ठेवला. दोघांत करार झाला: माझी निवड झाली तर दोन वर्षं लग्नाचं नाव नाही, नाही झाली तर व्हायोलिन खुंटीला आणि फोंड्याच्या मंडळींना होकार. मी तिथेच बसून भात जेवत होते. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी हेच म्हणाले असते. मला माझ्या वाजवण्याची खात्री होती.

परीक्षेचा दिवस बुधवार होता. अण्णांनी मला फिकट निळा ड्रेस शिवला, गज धरणाऱ्या हाताची बाही मुद्दाम सैल ठेवली. पणजीच्या त्या जुन्या इमारतीत उंच छताचं दालन होतं, समोर पियानोवर एक बाई आणि टेबलामागे वृंदाचे संचालक, पांढऱ्या दाढीचे, चष्मा कपाळावर चढवलेले. अण्णांना मागच्या भिंतीशी बसायला एक कदेल, लाकडी खुर्ची, दिलं. मी डोळे मिटले आणि 'शिलाई' वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता. डोळे उघडले तर दोघंही माझ्याकडे टक लावून बघत होते. बाईंनी पियानोवर एक सूर दिला आणि म्हणाल्या, आता माझ्याबरोबर. मी वाजवलं. पहिल्याच स्वराला असा काही कर्कश आवाज झाला की बाईंनी हात उचलले. संचालक उठून आले, माझं व्हायोलिन हातात घेतलं, तारा छेडल्या. "बाय," ते हळू म्हणाले, "सगळ्यो तारो एक सूर सकयल आसात." खाली उतरलेल्या तारा चढवायला ते खुंट्या पिळायला लागले. तिसरी वर आणली, दुसरी वर आणली, आणि सगळ्यात बारीक तार चढवताना ती तुटून माझ्या गालावर बसली. लागलं फारसं नाही. पण मला रडू आलं ते आलंच.

त्यांनी विचारलं, हे कुणाकडून शिकलीस? मी खोक्याचं वर्णन केलं, काळ्या कपड्यांतली माणसं, अर्धवर्तुळ. ते आत गेले आणि तेच खोकं घेऊन आले. त्यांच्याकडेही होतं. त्यांनी पहिली रेकॉर्ड लावली. उंच छताच्या त्या दालनात 'शिलाई' उड्या मारत, हसत, धावत सुटली. मागे कदेल सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उभे राहिले होते. "हो आयताराचो!" ते मोठ्यानं म्हणाले. ही आमची रविवारची, लगाम नसलेली 'शिलाई' होती, पण बाकी कुणालाच काही कळेना. ते पुढे आले, थाळीच्या कडेकडे वाकून बघायला लागले, आमच्यासारखी गादी नाही ना म्हणून. मग बोटांनी हवेत लय धरून बघितली. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. संचालकांना म्हणाले, "चूक तिची न्हय. लगाम हांवें घातलो."

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, क्रशर, वीज, सहा दिवस, एक दिवस. पियानोवाल्या बाई हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. संचालक हसले नाहीत. ते म्हणाले, ही नाचाची गत आहे. नाचायची आहे. पण इतक्या सावकाश लयीत गज न थरथरू देता सूर धरून ठेवणं माझ्याकडच्या एकालाही येत नाही, ते हिला येतं. तरी वृंदात एकट्यानं हळू चालता येत नाही. तीन महिने देतो. हेच खऱ्या लयीत, खऱ्या सुरात घेऊन ये. आम्ही परतीची बस धरली. साखळीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, तासभर अडकलो, खिडकीतून लाल धूळ येऊन माझ्या निळ्या ड्रेसवर बसत होती. घरी आईनं दारातच विचारलं. "चूक म्हजी," एवढंच म्हणून ते दुकानात गेले. जिना चढताना मी पाहिलं, त्यांनी लगाम सोडवला आणि चिंध्यांच्या पिशवीत टाकला. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर आलाही होता, दालनात तार तुटली तेव्हा. पण पिशवीत हात घालून तो परत काढून घेतला तोही मीच.

डिचोलीत खरी लय आठवड्यातून एकदाच मिळणार, तेवढ्यात काय होणार? दुसऱ्याच दिवशी अण्णांनी प्लेअर दुलईत गुंडाळला आणि मला पेडणे तालुक्यातल्या केरीला मामाकडे नेऊन सोडलं. तिथे समुद्र आणि तेरेखोलची खाडी, खाण नाही. वीज जायची तेव्हा पूर्ण जायची, पण असायची तेव्हा सरळ असायची. मामा जाळी विणायचा. मामी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलता सोलता माझं ऐकायची आणि चिडवायची, "तुमगेर म्हातारी आशिल्ली ती हांगा चेडूं जालें गो!" आमच्याकडची म्हातारी 'शिलाई' इथे पोर झाली होती, तिचं बरोबर होतं. पण ती धावणारी पोर माझ्या हातात येईना. पाच वर्षांची सवय बोटांतून काढणं म्हणजे उसवून पुन्हा शिवणं, आणि उसवताना कापड फाटायची भीती. महिनाभर मी रोज रडले, रोज सोलकढी प्यायले आणि रोज पुन्हा सुरुवात केली. अण्णा दर रविवारी दुकान आणि भजन सोडून दोन बस बदलून यायचे, ओसरीवर बसून ऐकायचे. पाय हलवायचे नाहीत. दोन्ही पाय खुर्चीखाली दुमडून घेतलेले असायचे. एवढं एकच मला तिथे सहन होत नसे.

तीन महिन्यांनी माझी निवड झाली. दुय्यम व्हायोलिनांत, शेवटची खुर्ची. फोंड्याच्या मंडळींना नकार कळवला. पहिल्या कार्यक्रमात 'शिलाई' होतीच. आई जरीची साडी नेसून आली, अण्णा स्वतः शिवलेल्या कोटात. सोळा जणांच्या मध्ये बसून मी ती गत नाचवली, आणि जन्मात पहिल्यांदा मला ती नाचाची वाटली. टाळ्या झाल्या. बाहेर आले तर अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरें जालें, बाय," ते म्हणाले. "पूण बेगीन सोंपलें." आई म्हणाली, लवकर संपलं तेच बरं, शेवटची बस मिळेल.

त्या वृंदात मी लग्नापर्यंत वाजवलं आणि लग्नानंतरही, नवऱ्याला व्हायोलिन चालत होतं. तीनशे वर्षांपूर्वीचं वाजवलं, काल लिहिलेलं वाजवलं. आठव्या रेकॉर्डीतली 'खाण' एकदा वाजवायला मिळाली तेव्हा मी इतकी आनंदले की शेजारणीला वाटलं मला वेड लागलं. माझी खुर्ची शेवटून पुढे पुढे सरकत गेली. पण अण्णा पुन्हा कधी माझ्यासमोर लय धरून बसले नाहीत. कार्यक्रमाला येत, हात मांडीवर ठेवत, पाय जुळवून बसत. आपल्या पायानं पोरीचं नुकसान केलं, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. मी कितीदा सांगितलं की त्या मंद लयीनंच माझा गज तयार झाला. ते मान डोलवत आणि पाय तसेच ठेवत.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणांत उभे राहून गंजले, बाजार ओस पडला, आणि क्रशर एका शनिवारी थांबला तो पुढच्या सोमवारी सुरू झालाच नाही. मी माहेरी गेले तेव्हा अण्णा ऐंशीच्या पुढे गेलेले, मशीन विकलेलं. माडीवर खिडकीशी बसले होते. भर दुपारी एवढी शांतता की खालच्या दुकानातला कॅरम ऐकू येत होता. "आतां रोज आयतारच," ते मला म्हणाले, हसून नाही. मी त्यांच्याजवळ बसले. मग व्हायोलिनची केस उघडली, ते बाहेर काढलं. झाकणाच्या खिशात ती करडी लोकरीची गादी होती, इतकी वर्षं होतीच. ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओळखली, अंगठ्यानं टाके चाचपले.

मी चारही खुंट्या मागे पिळल्या, तारा एक सूर खाली आणल्या, थोड्या आणखी, दोन पट्ट्यांच्या फटीपर्यंत. इतकी वर्षं झाली तरी कानाला ती जागा लगेच सापडली. आणि मी 'शिलाई' वाजवली, कुणालाही नाचता येणार नाही इतकी सावकाश. डोळे मिटले नाहीत, मी त्यांच्या पायांकडे बघत होते. बराच वेळ ते जुळलेलेच राहिले. मग उजव्या पायाची टाच उचलली गेली, चवडा खाली आला, टाच पुन्हा उचलली, आणि त्या रिकाम्या माडीवर अण्णा अस्तर घालू लागले. "हां," ते म्हणाले. "आतां सोमार जालो."